धाकूनानांची कोरडी होडी

धाकूनानांना कुणी "काय नाना, बरे आहात ना?" असं विचारलं, तर ते वाऱ्याचं सांगतात. "वायव्येचा हाय." किंवा, "दुपारनंतर पडंल." बस्स, संपलं. विचारणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. कमी कसलं! माझ्या स्वयंपाकघरात भांडं पडलं तर भिंतीपलीकडून ओरडतात, "फुटला काय गो?" पण स्वतःबद्दल कुणी विचारलं की त्यांना फक्त वारा आठवतो.

काकी गेल्या, म्हणजे नानांची बायको, माझी चुलत सासू, तेव्हा अख्खा कोळीवाडा दारात जमला होता. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "नाना, धीर धरा." नाना म्हणाले, "वारा पडला हाय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. केवढं मोठं बोलला हो माणूस, असं अजूनही लोक एकमेकांना सांगतात. मोठं बिठं काही नाही. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी खरोखरच वारा पडला होता, माडाचं पान हलत नव्हतं, आणि नाना तेवढंच सांगत होते.

मी सुमन. मुरुडला कोळीवाड्याच्या तोंडाशी माझं लहानसं लॉज आहे. वर खोल्या, खाली खानावळ. नवरा ट्रॉलरवर, म्हणजे महिन्यातले बरेच दिवस मी आणि गिऱ्हाईक. नानांचं घर भिंतीला भिंत लागून. काकी गेल्यापासून त्यांचं ताट माझ्याकडेच असतं. आजपर्यंत एकदाही "चांगलं झालंय" म्हणाले नाहीत. आमटी आवडली की गप्प बसतात, नाही आवडली की "खाडीचं पाणी टाकलंस काय?" विचारतात. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "उद्यापासून जानकीकडे जेवा," म्हणते.

जानकी म्हणजे त्यांची होडी. नानांच्या वडलांनी सागाच्या लाकडात बांधून घेतलेली, शिडाची, मासेमारीची. आमच्या बंदरात आता शिडाची मासेमारी करणारी दुसरी होडी नाही. राजपुरीला आहेत शिडाच्या होड्या, पर्यटकांना किल्ल्यावर नेतात. पण नानांसमोर त्यांचं नाव काढायचं नाही. "त्या होड्या न्हायत, टांगं हायत टांगं. घोडा तेवढा लावायचा बाकी हाय."

गंमत म्हणजे हा माणूस जन्मभर इंजिनांचा मिस्त्री होता. बंदरातल्या कुठल्याही होडीचं इंजिन बंद पडलं की नानांना बोलावणं. नाना जायचे, आधी इंजिनाला शिव्या द्यायचे, मग ज्यानं ते विकत घेतलं त्याला, आणि मग दुरुस्त करायचे. "इंजिन म्हंजे उचकी," म्हणायचे. "लागली की दुसऱ्यानं येऊन थांबवायची." अर्ध्या बंदराच्या उचक्या थांबवून त्यांनी संसार केला, आणि स्वतःच्या होडीला मात्र इंजिनाचा वास लागू दिला नाही.

सकाळी उठलं की चहाच्या आधी होडीला पाणी. समुद्राचं पाणी बादलीनं आणून जानकीच्या अंगावर ओतायचं, पुढच्या नाळेच्या टोकापासून मागच्या सुकाणापर्यंत. "लाकूड सुकला की मेला." काकी चहा झाकून ठेवायच्या, पुन्हा गरम करायच्या, पुन्हा झाकायच्या. बिचारीनं उभ्या जन्मात ह्या माणसाला वेळेवर चहा प्यायलेला पाहिला नाही.

आणि कापूस! होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस भरतात, वर तेल नि चंद्रुसाची राळ. नानांना दुकानातला कापूस चालत नाही. "बाजारचा कापूस म्हंजे म्हातारीचे केस. माणूस झोपलेला कापूस पायजे, तो दाबून बसतो." मग असा कापूस कुठं मिळणार? माझ्या लॉजच्या गाद्यांत! मी बाजाराला गेले की नाना जिना चढायचे. एका ठाण्याच्या कुटुंबानं इंटरनेटवर लिहिलं, जेवण उत्तम, मालकीण फटकळ, गादी इतकी पातळ की पलंगाच्या पट्ट्या मोजता येतात. मी ते नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "फटकळ हायसच तू."

एवढं सगळं करून होडी पाण्यात जायला माणसं लागतात. शिडाचं लाकूड एकट्याच्यानं वर चढत नाही, होडी वाळूवरून एकट्यानं ओढता येत नाही. आणि माणसं टिकवायची म्हणजे तोंड सांभाळावं लागतं, ते नानांना कुणी शिकवलंच नाही. एकाला म्हणाले, "दोर धरलायस की म्हशीची शेपटी?" तो गेला. दुसऱ्याला म्हणाले, "तुझ्यापरीस नांगर हुशार, सांगितला तिथं तरी बसतो." तोही गेला. उरला महादू, नानांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्याशी होडीला निळा पट्टा असावा की हिरवा यावरून अबोला धरला.

मग व्हायचं तेच झालं. गेल्या मोसमात होडी ओढायला कुणी फिरकलंच नाही. जानकी वाळूवरच राहिली. अख्खा उन्हाळा तिनं अंगावर काढला. नाना बादल्या ओतत होते, पण वैशाखातल्या उन्हापुढे बादली ती काय करणार? फळ्या इतक्या सुकल्या की आत वाकून बघितलं तर फटीतून समुद्र दिसायचा. सगळ्या कोळीवाड्याला कळून चुकलं होतं की यंदा ही पाण्यात गेली नाही तर पुढच्या वर्षी चुलीत जाणार. नानांनाही कळलं होतं. ते तेवढंच बोलत नव्हते.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक गोरा पाहुणा उतरला होता. इंग्लंडातला, लालबुंद नाकाचा, भला माणूस. भाजीत मिरची लागली तरी "गुड, गुड" म्हणत डोळे पुसायचा. त्यानं जानकी पाहिली आणि वेडाच झाला. तिच्याभोवती फिरतोय काय, फळ्यांवरून हात फिरवतोय काय! मोबाईलमध्ये बोलायचा, मोबाईल मराठीत बोलायचा. त्यातून कळलं ते असं, की त्याच्या गावाकडे असल्या मासेमारीच्या जुन्या शिडाच्या होड्या लोक जपतात. मंडळ काढतात. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर, मास्तर, पोस्टातले लोक येऊन लाकूड घासतात, रंग लावतात, आणि उन्हाळ्यात सगळ्या होड्या शिडं उभारून एकदम पाण्यात काढतात. बघायला जत्रा लोटते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोस्टातला मानूस होडी घासतो?"

"घासतो म्हणतोय," मी म्हटलं.

"पगार घेऊन?"

"फुकट."

नाना जानकीकडे वळले. "हिकडं माझं मंडळ म्हंजे मी नि तो कुत्रा," म्हणाले. "त्यातला कुत्रा पन सावलीसाठी येतो." आणि मग त्या बिचाऱ्या गोऱ्यावरच खेकसले, "मग तिकडं सोडून हिकडं काय करतोस? जा, घास जा!" मोबाईलनं त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. त्यानं नानांना मिठी मारली.

जाताना तो फोटो काढून गेला. नाना, मोडकी टोपी, मागं जानकी. तो फोटो कुठून कुठं फिरला, आणि फिरत फिरत पनवेलला नानांच्या जावयाच्या मोबाईलवर गेला.

आता हेमाचं सांगायला हवं. हेमा नानांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन पनवेलला गेली आणि काकी गेल्यानंतर इकडे आलीच नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरीचं सगळं लहानपण जानकीच्या पोटात बसून पाणी उपसण्यात गेलं. लाकडी होडी म्हटली की थोडी गळणारच, तळाला बसून डब्यानं पाणी बाहेर टाकायला कुणीतरी लागतंच. नानांना मुलगा नव्हता, म्हणून हेमा. इतर पोरी सागरगोटे खेळायच्या आणि ही ओल्या परकरात कुडकुडत घरी यायची. आणि पुढे काकींना अलिबागच्या दवाखान्यात ठेवलं, त्या दिवशी उधाण आलं म्हणून हा माणूस होडी वर ओढत बसला. पोचला तेव्हा काकी बोलायच्या पलीकडे गेल्या होत्या. हेमा तिथल्या तिथं म्हणाली, "तुमची बायको किनाऱ्यावर आहे बाबा, इथं कशाला आलात?" मी असते तर ह्याहून वाईट बोलले असते.

तर त्या फोटोमुळे जावयाला एकदम सासरेबुवांचा अभिमान वाटायला लागला. ऑफिसात सगळ्यांना दाखवून झालं होतं. आषाढात हेमाचा फोन आला, माझ्याकडे, कारण नाना मोबाईल ठेवत नाहीत.

"वहिनी, ह्यांना ती होडी बघायचीय. नारळी पौर्णिमेला येतो म्हणतायत."

"आणि तू?"

म्हणाली, "येईन. बसेनही एकदा होडीत. पण त्यांना सांग, पाणी उपसायला लावलं तर तिथल्या तिथं उतरेन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

मी जसंच्या तसं नानांना सांगितलं. भाकरी मोडत होते. म्हणाले, "पौर्णिमेला वारा दक्षिणेकडनं असतो." आणि भाकरी तशीच टाकून उठले.

दुसऱ्या दिवसापासून जानकीवरची माडाची झापं बाजूला झाली आणि ठोकाठोक सुरू झाली. पावसात, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन. छिन्नी, लाकडी हातोडा आणि माझ्या गाद्या. या खेपेला चोरून नाही, सरळ येऊन म्हणाले, "एक अख्खी दे."

इथलं शेंबडं पोरही सांगेल, सुकलेली होडी पाण्यात घातली की आधी गळणारच. तिला भरतीच्या रेषेवर ठेवून चांगली गळू द्यायची. पाणी पिऊन लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात, मग आतलं पाणी काढायचं. म्हणून कापूस हलक्या हातानं भरतात. कोळीवाड्याला हे शिकवलं कुणी? नानांनीच, आयमाय उद्धरून. पण जानकी होती वाळूवर पार वरती. पौर्णिमेचं उधाण आल्याशिवाय पाणी तिथवर चढत नाही, आणि उधाण येणार म्हणजे हेमाही येणार. होडीला गळत बसायला सवड होती कुठे?

मी विचारलं, "नाना, एवढा कापूस?"

"एक थेंब आत येता कामा न्हाय."

"थोडं येतंच की. मी माणूस देते पाणी काढायला."

"मानूस नको." हातोडा घातला. "तिला तो डबा दिसताच कामा न्हाय."

हा माणूस हे काम जन्मभर करत आला, ह्याला मी काय सांगणार? मी दुसरी गादी आणून दिली.

माणसं मी गोळा केली. घरोघर फिरले. "हेमा येतेय," म्हटलं की बायका नवऱ्यांना उठवायच्या. ज्यांना म्हशीची शेपटी ऐकवली होती तेही आले, नांगराहून मठ्ठ ठरलेलेही आले. मी भजी तळली. महादूसुद्धा आला, पण नानांशी न बोलता, मला मध्ये घालून. "सुमन, ह्याला सांग, दोर डावीकडनं घ्यायचा."

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उधाण चढायला लागलं आणि जानकी पाण्यात गेली. "हैय्या" म्हणून सगळ्यांनी खांदा दिला आणि ती घसरली ती थेट लाटेत. मी सांगते, त्या क्षणी मलाही भरून आलं. आणि खरंच, आत पाण्याचा थेंब नाही! नाना होडीच्या तळाशी पालथे झोपले. फळीला गाल लावून म्हणाले, "कोरडी हाय. हात लाव. ए, तू पन लाव. कोरडी हाय!" एकेकाला आत ओढून हात लावायला लावला.

महादूनं हात लावला. मग सांध्यावरून बोट फिरवलं, अंगठ्यानं दाबलं. अबोला सोडून म्हणाला, "नाना, फुगायला जागा ठेवलीस ना?"

"तू मना शिकवतंस? ह्याच होडीत उलट्या करत मोठा झालास, नि तू मना सांध्याचं शिकवतंस? उतर!"

महादू उतरला.

पौर्णिमेच्या सकाळी मी नारळीभाताला नारळ खवत होते आणि बाहेरून हाक आली. धावत गेले. खाडीत नांगरलेली जानकी एका बाजूला कलली होती. लाकूड दोन दिवस पाणी पीत राहिलं, फुगलं, आणि फुगायला जागाच नव्हती. सांध्यांत कापूस ठासून बसलेला. मग खिळ्यांनी हार मानली. एका बाजूच्या फळ्या आतल्या वाशांपासून उचकटून बाहेर आल्या होत्या आणि जानकी काठापर्यंत भरली होती. महादू आधीच पाण्यात उतरून चाचपत होता. नाना कमरेएवढ्या पाण्यात फळीला धरून उभे.

"वासे मोडलेत," महादू म्हणाला. "आता हिला उभी करता यायची न्हाय."

मला वाटलं, आता नाना सुताराला, सागाला, समुद्राला, कुणाला ना कुणाला तरी फाडून खाणार. ते एवढंच म्हणाले, "तू विचारलास. मी जागा ठेवली न्हाय."

महादूला त्यांची शिवी परवडली असती. तो तोंड फिरवून पाण्याबाहेर आला.

तिकडे किनाऱ्यावर बँड सुरू झाला. सोन्याचा वर्ख लावलेला नारळ घेऊन मिरवणूक निघाली, नव्या लुगड्यांतल्या बायका नाचत होत्या. आणि त्याच गर्दीतून वाट काढत हेमाची गाडी आली.

जावई उतरले आणि सवयीनं मोबाईल काढला. बुडालेली होडी बघून खिशात ठेवला, मग पुन्हा काढून एक फोटो घेतलाच. मेल्याच्या मोबाईलला आग लागो असं मनात आलं. हेमा काठावर उभी राहिली. खाडीतून वर येणाऱ्या नानांकडे बघत म्हणाली, "आई गेली तेव्हा एवढं तोंड उतरलं नव्हतं ह्यांचं."

मला राहवलं नाही. तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "अगं ए, तुझ्यासाठी झालंय हे! तुला डबा हातात घ्यावा लागू नये म्हणून त्यांनी एवढा कापूस ठासला. नाहीतर गळत गळत का होईना, आणखी काही वर्षं चालली असती होडी."

वाटलं, आता हिचा बांध फुटेल. पण बापाचीच लेक ती. म्हणाली, "मी लहान होते तेव्हा ठासायचा होता." आणि दंड सोडवून घेतला.

नाना वर आले. अंगातून पाणी ठिबकत होतं. बापलेक समोरासमोर. किती वर्षांनी, कुणास ठाऊक.

नाना म्हणाले, "वाटेत पाऊस लागला काय?"

"नाही," हेमा म्हणाली.

"बरा."

एवढंच! दोघांच्याही थोबाडीत मारावी असं वाटलं मला. जावई म्हणाले, वडखळला गर्दी होईल, लवकर निघालेलं बरं. मी म्हटलं, निदान जेवून जा, नारळीभात केलाय, तुझ्यासाठी केलाय. "वाटेत खाल्लंय वहिनी," हेमा गाडीकडे बघत म्हणाली. गाडीत बसल्यावर तिनं काच वर केली. आतून तिचे खांदे हलताना दिसले मला. पण काच खाली आली नाही, आणि गाडी गेली.

नाना तोवर खानावळीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले होते. तिथून रस्ता दिसत नाही, जानकीही दिसत नाही. मी टॉवेल दिला. तो खांद्यावर टाकला, पुसलं काही नाही. मिरवणुकीतला बँड लांब गेला होता.

मग म्हणाले, "जेवली काय गो ती?"

मी म्हटलं, "जेवली."

"भात?"

"दोनदा घेतला."

नाना मान हलवत राहिले. "लहानपनी मागायची, तवा तिला खरवड द्यायची हिची आई. पातेल्याला लागलेली." टॉवेलचं टोक डोळ्यांवर दाबून धरलं. तसेच म्हणाले, "उरला असंल तर मना वाढ थोडा."

मी आत गेले. पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, वरचा काजूसुद्धा हलला नव्हता. ते त्यांना दिसू नये म्हणून मी दार लोटून घेतलं, तळापर्यंत डाव खुपसून थोडी खरवड काढली, आणि ताट आतूनच वाढून बाहेर नेलं.